एकच ठुमरी, तीन तबकड्या : मूळ प्रेसिंग कसे ओळखावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेच्या घरातील आजोबांच्या ट्रंकेत चाळीसेक रेकॉर्डी सापडल्या आणि त्यांत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाहीं आवत चैन’ ही ठुमरी तीनदा निघाली : एकदा ओडियनच्या लाखेच्या तबकडीवर, एकदा कोलंबियाच्या लाखेच्या तबकडीवर आणि एकदा एलपीवर, म्हणजे नंतरच्या काळातल्या व्हिनाइलच्या लाँग प्ले तबकडीवर. शिवाय एचएमव्ही या ग्रामोफोन कंपनीच्या लेबलच्या शास्त्रीय गायनाच्या एका एलपीच्या दोन प्रती आहेत. दोन्हींवर क्रमांक एकच आहे, पण एका प्रतीचे लेबल लाल आणि दुसरीचे काळे आहे. यांतली मूळ कोणती, दुर्मीळ कोणती आणि हे ओळखायचे कशावरून, असे आपण विचारले आहे. गेली तीसेक वर्षे लाखेच्या आणि व्हिनाइलच्या दोन्ही प्रकारच्या तबकड्या जमवताना जे हाती लागले, त्याच्या आधारे उत्तर देतो.

तीन तबकड्यांपैकी पहिली ओडियनची, हे आताच सांगून टाकतो. मात्र केवळ लेबलावरचे नाव वाचून हा निष्कर्ष काढायची सवय लावून घेऊ नये, कारण लेबल हा शेवटी कागद आहे. तबकडी दाबली जाते त्या क्षणी तो मधोमध चिकटतो. कारखान्यात त्या दिवशी ज्या लेबलांचा गठ्ठा हाताशी असेल, तोच लागतो. छापखान्यात शाई बदलली, कंपनीचे नाव बदलले किंवा जुना साठा संपवायचा ठरला, की त्याच साच्यातून निघालेल्या तबकड्यांवर निराळे लेबल दिसू लागते. तबकडीची खरी जन्मपत्रिका लेबलावर नसते; ती लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जो गुळगुळीत, मोकळा पट्टा असतो, त्यावर कोरलेली असते. संग्राहक त्याला रनआउट म्हणतात.

तिथे काय आणि का कोरलेले असते, हे कळायला तबकडी बनते कशी याची तोंडओळख हवी. गायकाचा आवाज पूर्वी मेणाच्या जाड चकतीवर आणि पुढे लॅकरच्या, म्हणजे मऊ लेप दिलेल्या, तबकडीवर कोरला जाई. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढत, त्या उलट्या साच्यापासून सुलटा ‘मदर’ बनवत आणि मदरपासून पुन्हा उलटा ‘स्टँपर’ तयार करत. या स्टँपरनेच तबकड्या दाबल्या जातात. एक स्टँपर फार दिवस पुरत नाही. काही शे ते हजार-दोन हजार प्रती निघाल्या की तो झिजतो आणि मदरवरून दुसरा काढावा लागतो. या पिढ्यांच्या खुणा धातूवर ठोकलेल्या असतात, म्हणून त्या तबकडीवर उमटतात. लेबल बदलले तरी त्या पुसल्या जात नाहीत.

आता ओडियनची तबकडी हातात घ्यावी. टेबलावरचा दिवा बाजूला, जवळजवळ आडवा ठेवावा आणि तबकडी किंचित कलती धरून हळूहळू फिरवावी. समोरून प्रकाश पडला तर काळ्यावर काळे काहीच दिसत नाही. तिरका पडला की आकडे उठून येतात. त्यांतला मॅट्रिक्स क्रमांक हा त्या ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा क्रमांक असतो. लेबलावर मोठ्या अक्षरांत छापलेला क्रमांक हा कॅटलॉगचा, म्हणजे दुकानदाराने मागणी नोंदवण्यासाठीचा असतो. या दोहोंची गल्लत नवशिक्याकडून हमखास होते. मॅट्रिक्सच्या शेजारी कधी एखादा लहान आकडा किंवा अक्षर असते, ते टेक दाखवते. गायकाने एकच चीज दोनदा गायली आणि दोन्ही मुद्रणे जपली गेली, तर मॅट्रिक्स तोच राहून टेक बदलतो. कॅटलॉग क्रमांक एकच असलेल्या दोन तबकड्यांवर टेक वेगळे निघाले, तर त्या दोन प्रती नसून दोन वेगळी गायने असतात. या छंदातला सर्वात मोठा आनंद मला तिथेच मिळाला आहे.

मग कोलंबियाच्या तबकडीवरचा मॅट्रिक्स पाहावा. तो टेकसकट ओडियनशी जुळला, तर ती त्याच मूळ धातूपासून पुन्हा दाबलेली आवृत्ती आहे, असे निःशंकपणे म्हणता येईल. यात आश्चर्य नाही. ओडियन हे जर्मनीतील लिंडस्ट्रॉम कंपनीचे लेबल होते, ती कंपनी १९२० च्या दशकाच्या मध्यास कोलंबियाच्या ताब्यात आली आणि १९३१ साली कोलंबिया व ग्रामोफोन कंपनी यांच्या एकत्रीकरणातून ईएमआय ही कंपनी उभी राहिली. खाँसाहेबांची ओडियनवरची प्रसिद्ध मुद्रणे १९३० च्या दशकातली आहेत आणि ते १९३७ साली निवर्तले. पुढे ही गाणी कोलंबियाच्या लेबलवर आली ती एकाच घरातली भांडी एका फडताळातून दुसऱ्यात जावीत, तशी. लेबलाच्या कडेला ‘मेड इन जर्मनी’ अशी अक्षरे असतील, तर ती प्रत बहुधा आधीची. ‘मेड इन इंडिया’ असेल, तर नंतरची.

एलपीची गोष्ट निराळी आहे. तिथे लाखेची तबकडी वाजवून तिचा आवाज टेपवर घेतला जातो आणि टेपवरून नवे लॅकर कापले जाते. म्हणून मॅट्रिक्सही नवा असतो. त्यात खरखर कमी करण्यासाठी वरच्या पट्टीतले ध्वनी कापले जातात आणि तानेची धार थोडी बोथट होते. वेगाचाही प्रश्न येतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांवरून लाखेच्या तबकड्यांना पडलेले ‘७८’ हे नाव सोयीचे असले, तरी जुन्या काळी, विशेषतः विजेविना मुद्रण होत असताना, वेग काटेकोर नसे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने चढते आणि गायक उगाचच पातळ आवाजाचा वाटू लागतो. एलपी करणाऱ्याने वेग चुकवला असेल, तर ती चूक पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत वारशाने येते. एवढे असूनही, रोज ऐकायला मी एलपीच लावतो आणि ओडियन कपाटात ठेवतो.

ट्रंकेत याहून जुन्या तबकड्या असतील, तर त्यांच्या खुणा अगदी वेगळ्या आहेत. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. हे साचे जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तिथून दाबून येत. गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहरजान’ असे इंग्रजीत ऐकू येते, त्याचे कारणही हेच सांगतात : परक्या देशातल्या कारागिरांना लेबलावर कोणाचे नाव घालायचे, ते कळावे. या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या एकाच बाजूने वाजतात. मागची बाजू कोरी असते आणि तीवर लेखणीने तबकडीवर कोरणाऱ्या देवदूताचे चिन्ह उठावात असते. एचएमव्हीच्या श्वानाचे चित्र लेबलांवर नंतर आले. दहा इंची तबकडीवर ‘ग्रामोफोन कॉन्सर्ट रेकॉर्ड’ आणि बारा इंचीवर ‘ग्रामोफोन मोनार्क रेकॉर्ड’ असे छापलेले आढळते. दोन्ही बाजूंना गाणे असलेली तबकडी बाजारात आणली ती ओडियनने, १९०४ साली. त्यामुळे एकतर्फी असणे ही जुनेपणाची खूण ग्रामोफोन कंपनीपुरती धरावी, ओडियनला लावू नये. कलकत्त्यात सियालदह भागात कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला आणि हॅनोव्हरचे नाव हळूहळू मागे पडले. कलकत्त्याजवळच्या दमदमचा मोठा कारखाना आला तो त्यानंतर वीसेक वर्षांनी.

याच जुन्या तबकड्यांवरचे क्रमांक पाहताना आणखी एक गंमत कळते. ग्रामोफोन कंपनीने आकड्यांचे गट ठरवून दिले होते. भारतीय मुद्रणांत १२ हजारांचा गट पुरुष गायकांचा, तर १३ हजारांचा स्त्री गायिकांचा होता आणि बारा इंची तबकडीच्या क्रमांकाआधी शून्य असे. गट भरला की आकड्यापूर्वी ‘८-’, ‘९-’ असे जोडआकडे लावत. म्हणून लेबल फाटलेले असले, नाव अर्धे गेलेले असले, तरी आवाज ऐकण्यापूर्वीच गाणारा की गाणारी, हे सांगता येते. या क्रमांकांची शिस्तशीर यादी करण्याचे प्रचंड काम ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी केले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने त्यांच्यासारख्यांच्या आणि आपल्याकडच्या संग्राहकांच्या माहितीची देवाणघेवाण घडवून आणली.

मराठी घरांतल्या ट्रंकांत सर्वाधिक निघतात त्या नाट्यसंगीताच्या तबकड्या. त्यांच्या बाबतीत विजेचे मुद्रण की त्याआधीचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बालगंधर्वांनी दोन्ही काळांत गाणी दिली. भोंग्यासमोर गाताना आवाजाचे बारकावे दबत आणि साथीला ऑर्गन-सारंगी दूरवर असल्यासारखी वाटे. मायक्रोफोन आल्यावर श्वासही ऐकू येऊ लागला. कानाने फरक कळतोच, पण खात्रीसाठी पुन्हा रनआउटकडे यावे. एचएमव्हीच्या तबकडीवर मॅट्रिक्सनंतर लहान त्रिकोण असेल, तर ते वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या विजेच्या पद्धतीचे मुद्रण असते. ही पद्धत इंग्लंडमध्ये १९२५ पासून वापरात आली आणि भारतात त्यानंतर. चौकोन असेल, तर ते इंग्लिश अभियंते ब्लुमलाइन यांच्या, १९३१ पासूनच्या पद्धतीचे. कोलंबियाच्या तबकड्यांवर त्याच दोन गोष्टींसाठी वर्तुळातला डब्ल्यू आणि वर्तुळातला सी येतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्रिकोणावरून तबकडी कोणत्या काळातली, याचा निकाल लागतो. लेबलाचा जांभळट रंग किंवा श्वानाच्या चित्राची ठेवण पाहून तो लावू नये.

आता आपल्या लाल आणि काळ्या एलपी. भारतात एलपी दाबायला सुरुवात झाली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांच्या क्रमांकांमागची अक्षरे निरर्थक नाहीत. इंग्लंडमध्ये एचएमव्हीची महाग मालिका मोनोमध्ये एएलपी आणि स्टिरिओमध्ये एएसडी, तर त्याखालची मालिका सीएलपी आणि सीएसडी अशी होती. आपल्याकडे त्यांच्याच आधी ‘ई’ लावून ईएएलपी, ईएएसडी, ईसीएलपी, ईसीएसडी असे क्रमांक पडले. कोलंबियाचे ३३ ईसीएक्स आणि ३३ ईएसएक्स हेही त्याच रीतीचे. म्हणजे ईसीएलपी असा क्रमांक असेल, तर तबकडी मोनो आहे. अशा अक्षरांच्या तबकडीच्या कव्हरवर पुढे कोणी ‘स्टिरिओ’ अशी पट्टी चिकटवलेली असेल, तर संशय घ्यावा.

दोन्ही प्रतींचे लेबल भिंगाखाली धरून काठावरून गोलाकार गेलेली बारीक अक्षरे वाचावीत. तिथे कंपनीचे नाव असते आणि हे नाव काळाबरोबर बदलत गेले. ‘द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ आणि दमदम किंवा कलकत्ता असा उल्लेख असेल, तर प्रत सहसा जुनी. ‘द ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड’ असे असेल, तर १९६८ च्या सुमारास कंपनीचे नाव बदलल्यानंतरची. याच कंपनीचे सारेगामा हे नाव २००० सालचे आहे. पॉलिडॉरच्या बाबतीत हीच परीक्षा आणखी सोपी आहे : १९७५ च्या ‘शोले’सारख्या गाजलेल्या तबकडीच्या काठावर ‘पॉलिडॉर ऑफ इंडिया’ असेल, तर ती आधीची आणि ‘म्युझिक इंडिया’ असेल, तर पुढच्या छपाईची. रंगाला मी सर्वात शेवटी विचारतो, कारण माझ्याच संग्रहात लाल लेबलाची एक प्रत काळ्या लेबलाच्या प्रतीपेक्षा नंतरच्या स्टँपरची निघाली आहे.

स्टँपर ओळखायचा कसा, हेही सांगतो, कारण दोन्ही प्रतींच्या काठावर एकच नाव निघाले, तर शेवटचा उपाय तोच उरतो. ईएमआयच्या इंग्लंडमधील हेज येथील कारखान्यात रनआउटला घड्याळाची तबकडी मानत. सहाच्या जागी मॅट्रिक्स, नऊच्या जागी मदरचा आकडा आणि तीनच्या जागी स्टँपरची अक्षरे. ही अक्षरे आकड्यांचे काम करतात : ‘ग्रामोफ एलटीडी’ या शब्दाची इंग्रजी अक्षरे ओळीने घ्यावीत. जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. तीनच्या जागी ‘जीए’ दिसले, तर तो तेरावा स्टँपर. हेजहून आलेल्या धातूवर दमदमला दाबलेल्या तबकड्यांवर अशी अक्षरे सापडली, तर याच किल्लीने वाचावीत. सगळ्याच भारतीय तबकड्यांवर ती असतात असे मात्र नाही. मॅट्रिक्सच्या शेवटी येणारा -१, -२ हा आकडा लॅकर कितव्यांदा कापले, ते सांगतो. एका प्रतीवर -१ आणि दुसरीवर -२ असेल, तर लेबलांच्या रंगाचा वाद तिथेच मिटला.

कव्हरचाही पुरावा असतो, पण तो साक्षीदार फितूर होणारा आहे. १९६० च्या दशकातल्या कव्हरांवर पुढे चकचकीत लॅमिनेशन असे आणि त्याची कड मागच्या बाजूला दुमडून चिकटवलेली असे. पुढे साधी, पातळ पुठ्ठ्याची कव्हरे आली. आतल्या कागदी पाकिटावर कंपनी आपल्या नव्या तबकड्यांची जाहिरात छापी. त्या जाहिरातीतली सर्वात अलीकडची तबकडी कोणत्या सालची, हे कळले की पाकीट त्याआधीचे नाही, एवढे पक्के होते. मी नवशिका असताना एका विक्रेत्याकडून लॅमिनेशनवाले, कड दुमडलेले, देखणे कव्हर पाहून एक तबकडी पहिल्या छपाईच्या भावाने घेतली. घरी येऊन दिव्याखाली धरली, तेव्हा आतली तबकडी बऱ्याच नंतरची निघाली. जुन्या कव्हरमध्ये नवी तबकडी सरकवलेली होती. विक्रेत्याने मुद्दाम केले की त्यालाही कुणी तशीच दिली, ते मला आजही माहीत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात कव्हरच्या आत हात घालून, तबकडी बाहेर काढून, रनआउट पाहिल्याशिवाय मी तेव्हापासून पैसे काढलेले नाहीत. विक्रेता नको म्हणाला, तर पुढे चालू लागतो.

आता दुर्मीळपणाकडे. जुने म्हणजे दुर्मीळ, असे नसते. बालगंधर्वांच्या लोकप्रिय पदांच्या तबकड्या दशकानुदशके दाबल्या गेल्या, घरोघरी पोचल्या आणि आजही सापडतात. त्यांना लाखांचा भाव येईल, अशी आशा ठेवू नये. उलट, मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीने १९३५ पासून वीसेक वर्षे काढलेल्या यंग इंडिया लेबलच्या तबकड्यांत एखाद्या अल्पपरिचित गायकाची तबकडी निघाली, तर ती जपून ठेवावी, कारण त्या गाण्याची दुसरी आवृत्ती कधीच निघालेली नसण्याची शक्यता असते. लोकांच्या नजरेतून सुटणारी एक गोष्टही सांगतो. इंग्लंडमध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बंद झाल्यावरही आपल्याकडे त्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या, कारण चावीचे ग्रामोफोन घराघरांत होते. त्यामुळे बीटल्सची गाणी १९६० च्या दशकात पार्लोफोन लेबलवर, डीपीई अशा अक्षरांच्या क्रमांकांनी, दमदमला लाखेवर दाबली गेली. जगभरचे बीटल्सवेडे याच भारतीय तबकड्यांच्या मागे असतात. आजोबा हिंदुस्थानी संगीताचे भोक्ते असले, तरी एखाद्या काकांनी आणलेली अशी तबकडी तळाशी नाही ना, हे पाहून घ्यावे.

भाव ठरवताना प्रतीची अवस्था सर्वात आधी येते. काठाचा टवका खाचेपर्यंत पोचला आहे का, केसाएवढी चीर लेबलापासून काठापर्यंत गेली आहे का आणि तबकडी पापडासारखी वाकली आहे का, हे पाहावे. लाखेच्या तबकडीवर खाचा करड्या झाल्या असतील, तर पोलादी सुईने ती झिजवली आहे. एकच सुई दहा-बारा वेळा वापरणारे आपल्या आजोबांच्या पिढीत पुष्कळ होते, जरी प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी, असे कंपनी ओरडून सांगत असे.

तबकड्या धुताना घाई करू नये. व्हिनाइलवर पातळ केलेले अल्कोहोल चालते, म्हणून मी एकदा तेच एका लाखेच्या तबकडीवर लावले आणि लाख विरघळून पृष्ठभाग धूसर, चिकट झाला. ती तबकडी आज भिंतीवर आहे. लाखेसाठी कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरते. पाणी लेबलापासून लांब ठेवावे आणि तबकडी सावलीत उभी वाळवावी. वाजवायला ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीसाठी सुमारे १८ ची. एलपीची सुई ७८ वर ठेवली, तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी कचरा वाजवते.

आपण करावे ते एवढेच : ओडियन, कोलंबिया आणि एलपी या तिन्हींचे दोन्ही बाजूंचे रनआउट वहीत उतरवावे आणि तिरक्या प्रकाशात फोटो काढावेत. लाल आणि काळ्या एलपीच्या लेबलाच्या काठावरचे शब्द व मॅट्रिक्सची शेपूट टिपावी. ओडियन आणि कोलंबियाचा मॅट्रिक्स किंवा टेक जुळत नसेल, तर दोन्ही एकामागून एक ऐकावीत आणि ‘पिया बिन’च्या मुखड्यावर खाँसाहेब सम कशी गाठतात, तिथे कान द्यावा. तिथे फरक ऐकू आला, तर आपल्या ट्रंकेत एकच ठुमरी दोन वेगळ्या गायनांत आहे आणि मग यांतली मूळ कोणती, हा प्रश्नच उरत नाही.